पाटल्या गहाण, घोडीला नवे नाल

कर्ज फिटेपर्यंत घरातली जनावरे ठेवावीत की नाहीत, हा प्रश्न ठाणे, कळवा आणि ऐरोली या भागांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांत आता नेहमीचा झाला आहे. तो सहसा सरळ विचारला जात नाही. हप्ते, पगार आणि भाडे यांचे बोलून झाले, की निघता निघता कोणीतरी खाली मान घालून सांगते की घरी एक कुत्राही आहे, आणि "स्वतःचे भागत नाही आणि कुत्र्याला चिकन शिजते" असे नातेवाईक तोंडावर बोलतात. हिशेब पाहिल्याशिवाय या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मी देत नाही. ज्या कुटुंबाविषयी येथे लिहीत आहे, त्यांच्याकडे कुत्रा आणि मांजरांच्या जोडीला एक घोडी होती, त्यामुळे हा प्रश्न तेथे अधिकच ताणला गेला होता. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे.

कुटुंब कळव्याला भाड्याच्या घरात राहणारे. पती ऐरोलीत नोकरीला, पत्नी घरी शिकवण्या घेणारी, मुलगी आठवीत. पतीच्या वडिलांचा कल्याणला वरातीसाठी घोडे देण्याचा धंदा होता. २०२० आणि २०२१ हे लागोपाठ दोन लग्नहंगाम टाळेबंदीत आणि निर्बंधांत बुडाले. पण घोड्याच्या पोटाला ना टाळेबंदी असते, ना चातुर्मास. बाकीचे घोडे विकावे लागले आणि चांदणी नावाची एक नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी, बग्गी आणि साज एवढेच मागे राहिले. त्यानंतर वडिलांचे आजारपण आले, रुग्णालयाचे बिल मुलाच्या नावावरच्या कर्जातून भरले गेले आणि वडील गेले. घोडीचे वय सतराच्या घरात होते आणि गेली दोन वर्षे ती कोणत्याही वरातीत उभी राहिली नव्हती.

पहिल्या भेटीत पत्नी बराच वेळ गप्प होत्या. घोडीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या पाटल्या गहाण आहेत आणि घोडीला गेल्याच महिन्यात नवे नाल ठोकले." पतीने त्यावर काहीच उत्तर दिले नाही. मला ते वाक्य महत्त्वाचे वाटले, कारण त्यात घोडीविषयी राग नव्हता; घरात कोणाची वस्तू आधी सुटणार हे आपल्याला न विचारता ठरते, याचे ते दुःख होते.

पुढच्या भेटीला दोघांनी स्वतंत्रपणे खर्च लिहून आणावा असे मी सुचवले. दोघांचे मिळून उत्पन्न ६०,००० रुपये. त्यातून घरभाडे १२,०००, वैयक्तिक कर्जाचा हप्ता ११,८००, क्रेडिट कार्डाचा किमान भरणा ७,००० आणि सोनेतारणाचे व्याज ९०० जात होते. कार्डावर १,४०,००० रुपये थकलेले होते. त्यावर दरमहा साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला, तर सात हजारांपैकी पावणेसहा हजारांहून अधिक रक्कम व्याजकरातच जिरत होती आणि मुद्दल जेमतेम बाराशेने घटत होते. महिनाअखेरीस किराणा पुन्हा त्याच कार्डावर येत असल्याने तेवढीही घट टिकत नव्हती. 'किमान भरणा' या शब्दांनी माणसाला जो दिलासा मिळतो, तो माझ्या पाहण्यात फार महागात पडणारा दिलासा आहे.

प्राण्यांच्या रकान्यात मात्र दोघांचे कागद जुळेनात. पत्नीच्या कागदावर घोडीचा खर्च सहा हजार होता आणि पतीच्या कागदावर चौदा हजार. पतीने तो आकडा घरात कधी सांगितलाच नव्हता. आम्ही तो फोडून पाहिला तेव्हा तबेल्याची जागा आणि मोतद्दार (घोडीची निगा राखणारा) मिळून ४,०००, दाणा-वैरण ५,५००, नालबंदाचे ८००, औषधपाण्याची सरासरी ७०० आणि 'गाळा' म्हणून ३,००० असे निघाले. या गाळ्यात बग्गी उभी होती. झूल, गोंडे, कलगी आणि जरीचा साज पेटीत भरून ठेवलेला होता, आणि त्याच्या जरीची डागडुजी गेल्या दिवाळीत २,२०० रुपये देऊन करून घेतलेली होती. तीन हजारांवर बोट ठेवून पत्नीने विचारले, "हे घोडी खाते का?" एवढ्या दिवसांत पती तेव्हा पहिल्यांदा हसले, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले.

अशा घरांत मला वारंवार एक गोष्ट दिसते. प्राण्याचा खर्च म्हणून जो आकडा आपण धरतो, त्यात प्राण्याची गरज किती आणि आपली हौस, आठवण किंवा प्रतिष्ठा किती, हे कोणी वेगळे काढलेले नसते. त्यामुळे काटकसर करायची वेळ येते तेव्हा कात्री चुकीच्या जागी चालते. साज तसाच राहतो आणि लस लांबणीवर पडते. या घरातही गाळ्याचे भाडे वेळेवर जात होते आणि घोडीची धनुर्वाताची वार्षिक लस चुकली होती. धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर पाळीव जनावरांपेक्षा फार अधिक असतो, हे पतीला लहानपणापासून ठाऊक होते, आणि म्हणूनच ही चूक त्यांना अधिक लागली.

घोडी विकण्याचा पर्याय पत्नीने मांडला होता आणि तो मी मुद्दाम पूर्णपणे तपासायला लावला. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे न्यावी, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. पण बाजारात किंमत वयाला, चालीला आणि अंगावरच्या लक्षणांना मिळते. सतरा वर्षांच्या घोडीला वाहतुकीचा खर्च भागेल एवढे तरी मिळतील का, याचीच शंका होती. त्याहून मोठा प्रश्न ती कोणाच्या हाती जाईल हा होता, कारण म्हाताऱ्या आणि स्वस्त जनावराच्या नशिबी पुष्कळदा वीटभट्टीचे किंवा मालाच्या गाडीचे ओझे येते. ओळखीचा आणि खात्रीचा घेणारा मिळाला असता, तर विकणे हा निर्णय मी चुकीचा मानला नसता. तसा कोणी नव्हता.

"ती गेली की बाबांचे काय उरले?" असे पती एकदा म्हणाले. याला आकड्यांनी उत्तर देऊ नये. वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत पती रुग्णालयातून निघून तबेल्यात जात, घोडीला खरारा करत आणि मगच घरी येत. त्या वेळी ते रडले असतील तर तिथेच. हे पत्नीला माहीत नव्हते. त्यांना वाटत होते की नवऱ्याला घरी यायचेच नसते. हे बोलणे झाल्यावर पुढच्या काही भेटी सोप्या गेल्या, आणि त्याचे श्रेय माझ्यापेक्षा त्या दोघांना अधिक आहे.

उपायही पत्नीकडूनच आला. त्यांचे माहेर मुरबाड तालुक्यातले. भावाने ट्रॅक्टर घेतल्यापासून बैलांचा गोठा रिकामा पडून होता. महिन्याला ठरावीक रक्कम आणि वैरणीचे पैसे दिले, तर घोडी तेथे राहू शकेल, असे त्यांनी सुचवले आणि भावाशी बोलणेही स्वतः केले. नात्यातला व्यवहार असला तरी कोण काय करणार हे लिहून ठेवावे असा माझा आग्रह होता, आणि तो कागद उपयोगी पडला. बैलाला चालणारा भाताचा पेंढा घोडीला पोटभर घालायचा नाही, हे त्या कागदावरचे पहिले कलम होते. घोडा रवंथ करत नाही आणि तसल्या निकस, राठ चाऱ्याने त्याच्या पोटात गाठ बसू शकते. दुसरे कलम सावलीचे होते, कारण नुकऱ्या जनावराची कातडी गुलाबी असते आणि ती उन्हाने पोळते.

खर्च कमी करताना पशुवैद्यांचे मत आधी घेतले. घोडी मऊ जमिनीवर आणि कामाविना राहणार असल्याने नाल काढून टाकता आले. खूर मात्र दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटून घ्यावेच लागतात. काम नसलेल्या घोडीला कामाच्या मापाचा हरभरा लागत नाही, म्हणून दाणा कमी झाला आणि गवत तसेच राहिले. हा बदल एका दिवसात करायचा नसतो. खाणे एकदम बदलल्यास घोड्याला पोटशूळ होतो आणि तो जिवावर बेतू शकतो, म्हणून सात ते दहा दिवसांत थोडे थोडे करत नव्या मापावर आणले. सुके गवत कापणीनंतर, दिवाळीच्या पुढे-मागे स्वस्त असते. ते तेव्हाच भरून, बुरशी लागणार नाही असे माळ्यावर रचले, तर पावसाळ्यातली चढ्या भावाची खरेदी टळते. जंताचे औषध, लस आणि वर्षातून एकदा दातांची तपासणी यांना हात लावला नाही. एवढे करून घोडीचा खर्च सहा हजारांच्या आत आला.

मांजरांच्या बाबतीत हिशेबाचा काटा पत्नीकडे वळला, हेही सांगायला हवे. कुत्रा आणि दोन मांजरे मिळून पाच हजार लागत होते आणि त्यातले २,८०० दोन मांजरांच्या परदेशी खाद्याचे होते. तो खर्च त्यांनी 'किराणा' या सदरात लिहिला होता. "ती घरातलीच आहेत ना," असे त्या म्हणाल्या. पतीने त्यावर टोमणा मारला नाही, याची मी नोंद घेतली. बोक्याला पूर्वी लघवी अडण्याचा त्रास झालेला असल्याने त्याचे डॉक्टरांनी सांगितलेले खाद्य तसेच ठेवले. दुसऱ्या मांजरीसाठी साधे खाद्य आणि काटे काढलेली उकडलेली मासळी सुरू केली. मांजराला मांस-मासळी लागतेच. दूध-पोळीवर ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे. गावठी कुत्र्याला घरचा भात आणि कोंबडीचे उकडलेले तुकडे, कांदा-लसूण न घालता, हे आधीपासूनच चालू होते. रेबीजची लस दरवर्षी टोचायचीच. या आजाराची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे त्या खर्चाविषयी चर्चाच केली नाही.

बग्गी आणि साज त्याच धंद्यातल्या एका घोडेवाल्याला ९५,००० रुपयांना विकला गेला. ती सगळी रक्कम कार्डात भरली. उरलेल्या ४५,००० साठी पतीने नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी कर्ज घेतले. अठरा महिन्यांचा हप्ता सुमारे २,७५० आला आणि कार्ड बंद झाले. घोडीकडून आठ हजार आणि कार्डाकडून सव्वाचार हजार मिळून दरमहा बारा हजारांहून अधिक मोकळे झाले. सगळ्यांत चढ्या व्याजाचे कर्ज आधी फेडावे, हा नियम बरोबर आहे आणि कार्डापुरता आम्ही तो पाळला. त्याच नियमाने पुढची पाळी वैयक्तिक कर्जाची होती. तरीही मी पाटल्या आधी सोडवायला सांगितल्या. हिशेबनीस कदाचित मला दोष देईल. त्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत असेपर्यंत या घरातली कोणतीही काटकसर पत्नीला आपली वाटली नसती.

मोकळ्या झालेल्या पैशांतून दरमहा १,५०० रुपये प्राण्यांच्या आजारपणासाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत जातात. हे मी प्रत्येक प्राणी पाळणाऱ्या कर्जदाराला सांगते, कारण रात्री जनावर आजारी पडले की माणूस पुन्हा कार्डच काढतो. त्याबरोबरच एक अवघड गोष्टही या दोघांनी आधीच ठरवून लिहिली. पशुवैद्यांच्या मते घोडीच्या वयाला मोठी शस्त्रक्रिया पेलणारी नसेल, तर कर्ज काढून ती करायची नाही आणि तिला वेदनेत ठेवायचे नाही. हे वाक्य पतीने स्वतःच्या अक्षरात लिहिले, त्याला बराच वेळ लागला. कर्ज फिटेपर्यंत नवे जनावर घरात आणायचे नाही, हेही त्याखाली आहे. ते मुलीने लिहिले, कारण बोळातली पिल्ले उचलून आणणारी तीच आहे.

प्रत्येक घरात असे जुळत नाही. जनावराचेच खाणे तोडावे लागत असेल, आरोग्य विम्याचा हप्ता बुडत असेल किंवा मुलांची फी थांबत असेल, तर चांगले घर शोधून प्राणी देणे हा जबाबदारीचा निर्णय आहे आणि मी तो घ्यायला सांगितला आहे. नेरूळच्या एका तरुणाने आपला लॅब्रॅडॉर मावशीकडे दिला आणि त्याच्या खाद्याचे पैसे तो आजही पाठवतो. रस्त्यावर सोडून देणे मात्र वेगळे. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. वसुलीच्या फोनांनी घाबरून कोणी रातोरात असले निर्णय घेऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. तसा फोन आला, तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करावी.

या कुटुंबाच्या पाटल्या सुटल्या आहेत आणि वैयक्तिक कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत. एका मुद्द्यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही. पती दर शनिवारी मोटारसायकलने मुरबाडला जातात आणि त्या पेट्रोलचा खर्च घोडीच्या रकान्यात धरावा की त्यांच्या स्वतःच्या, यावर मागच्या भेटीचा पाऊण तास गेला. सध्या तो अर्धा-अर्धा लिहिला जातो.