राउटरशेजारी वायफाय चालतं, माजघरात गेलं की जातं: दादा, फॉरमॅट मारू नका

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि 2019चा मे महिना डोळ्यांसमोर आला. लॅपटॉप बारा वर्षांचा, उन्हाळ्याआधी अमळनेरला आतून साफ करून घेतला. तेव्हापासून राउटरजवळ वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात, माजघरात नेला की एकही नाही. मोबाइल मात्र घरभर चालतो. आणि दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकावं लागेल. असंच ना? मग उद्या लॅपटॉप त्याच्याकडे देऊ नका.

बंद करून चालू करणं, पासवर्ड पुन्हा टाकणं हे तुम्ही केलंच असणार, ते सोडून देते.

आमचं घर जिनिंगजवळ. पंख्यात कापसाचे तंतू इतके बसायचे की एप्रिल लागला की लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. म्हणून जिल्ह्याच्या गावी एका सेवा केंद्रात साफ करायला दिला. परत आला तो तुमच्या लॅपटॉपसारखाच होऊन. पुन्हा घेऊन गेले. तिथल्या माणसाने झाकण उघडलं नाही, आधी कोणी उघडलं होतं हेही विचारलं नाही. ‘विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू,’ म्हणाला आणि एक कागद पुढे केला. डेटाची जबाबदारी ग्राहकाची, असं त्यावर छापलेलं. मी सही केली, कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की फॉरमॅट सी ड्राइव्हचा होतो, डी ड्राइव्हला हात लागत नाही.

त्यांनी सगळे ड्राइव्ह उडवून एकच केला.

डी ड्राइव्हवर माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, अहिराणीतल्या. दोन उन्हाळे तिच्याजवळ बसून मोबाइलवर घेतलेल्या आणि मग लॅपटॉपवर ठेवलेल्या. आई 2018ला गेली. सुरतच्या बहिणीला पाठवलेल्या तीन तेवढ्या राहिल्या. नुसता फॉरमॅट झाला असता तर पुष्कळ परत मिळालं असतं, कारण फाइल लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून मांडली जाते. पण त्यावर नवीन विंडोज आणि सतरा सॉफ्टवेअर चढवून दिली होती. नंतर रिकव्हरी करून पाहिली. फाइलींची नावं आली, आवाज आला नाही. आणि इतकं होऊन वायफाय जसं होतं तसंच! पुढच्या खेपेला त्याच केंद्राने मदरबोर्ड गेल्याचं सांगून साडेनऊ हजारांचा आकडा दिला. मी लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

2020च्या लॉकडाऊनमध्ये धुळ्याला पॉलिटेक्निक करणारा भाचा आमच्याकडे अडकला होता. त्याने खालची झडप उघडली. वायफाय कार्डाला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या आतल्या छोट्या पट्टीला, दोन बारीक वायरी असतात, बहुधा एक काळी, एक पांढरी. दोन्ही निघून बाजूला पडल्या होत्या. नखाने दाबून बसवल्या, दोन मिनिटांचं काम.

बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असतो आणि त्याची वायर बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येते. साफसफाईत ती निघाली आणि परत बसवली नाही, तर कार्डाला हाता-दोन हातांवरचंच ऐकू येतं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला असता तर राउटरजवळही त्रास झाला असता. लांब गेलं की लॅपटॉपचं वायफाय मरतं आणि त्याच जागी मोबाइल चालतो, तेव्हा माझा पहिला संशय वायरीवर. बिजागरी मोडली असेल तर वायर आत तुटलेलीही असू शकते.

मी मराठी शिकवते, इंजिनिअर नाही, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून पाहा. एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच लॅपटॉप चालू करा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. तिथेही जवळ चालतं आणि लांब जातं असं झालं, तर विंडोजचा दोष नाही, आणि फॉरमॅटचं नावच काढायचं नाही. (ब्रॉडकॉम कंपनीच्या काही कार्डांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. वायफाय मुळीच दिसलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका.) तोवर नेट हवं असेल तर मोबाइल केबलने जोडून त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, त्याला वायफाय कार्ड लागत नाही.

खाली कोणी तरी लिहिलंय की राउटर बदला. मला ते पटत नाही. राउटरचा दोष असता तर मोबाइलही अडला असता. हां, जुन्या लॅपटॉपला नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, कार्डाच्या नावात नुसतं बीजीएन (b/g/n, वायफायचे जुने प्रकार) असेल तर त्याला 5 गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा दिसणारच नाही, राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचा चालू ठेवावा लागतो. राउटर 12 किंवा 13 नंबरच्या चॅनलवर गेला तरी काही जुनी कार्डं आंधळी होतात, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये 1, 6 किंवा 11 ठरवून द्या. तिथेच सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए3 (नवा सुरक्षा प्रकार) निवडलेलं असेल तर जुन्या लॅपटॉपसाठी डब्ल्यूपीए2 करा.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे कूलर. राउटर आणि तुमची जागा यांच्यामध्ये पत्र्याचा कूलर असेल तर पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीही तेच करतात. कूलर आडवा असेल तर आधी तो सरकवून पाहा, पैसे लागत नाहीत.

झाकण उघडायची भीती वाटत असेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय कार्ड) घ्या, मी त्याला कमीपणा मानत नाही. फक्त तो निळ्या यूएसबी 3 पोर्टमध्ये, हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका. तिथल्या विजेच्या लहरींच्या गोंगाटाने 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल बिघडतो.

उघडणारच असाल तर आज रात्री सगळ्या ड्राइव्हमधलं कामाचं दुसऱ्या डिस्कवर घ्या, मोबाइलवरच्या आवाजाच्या फाइलीसुद्धा. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. वायरीचं टोक कार्डावरच्या टिकलीवर सरळ धरून हलकेच दाबायचं, टक् झालं की बसलं. वाकडं दाबलं तर टिकली तुटते. उघडल्यावर कार्डाचा फोटो इथे टाका, कुठली वायर कुठे ते बघून सांगते.