निवेदन दिलं, तरी पोरगा खेळतोच

"ताई, मोबाइलवरचा तो बंदुकांचा गेम, बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतीय अवतार, बंद करा म्हणून सोसायटीतल्या आम्ही सगळ्या बायका कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन आलो, घोषणाही दिल्या. आणि माझा मुलगा त्याच आठवड्यात तोच गेम घेऊन बसला!" वडोदऱ्यातल्या मराठी घरांतून ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. अशा बऱ्याच घरांचं बोलणं मी इथे एकाच मायलेकांच्या तोंडी घातलं आहे. मुलगा 13 वर्षांचा.

दोन-तीन भेटी आईच बोलत होती. मग मी मुलाला विचारलं, "गेम कळला कुठून?"

"आईच्या फलकावरून. बंदुकीचं चित्र मीच काढलं. त्यासाठी व्हिडिओ बघितले."

"अरे, पण ते बंद करा म्हणून होतं ना!" आई म्हणाली.

"मोठी माणसं रस्त्यावर उतरली म्हणजे गेम भारीच असणार."

आई गप्प झाली. मला हेच हवं होतं. मनाईने ओढ वाढते, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 सालीच ते मांडलं. धंदेवाल्यांना तर ते केव्हाच कळलंय. अमेरिकेत 1976 मध्ये 'डेथ रेस' या व्हिडिओ गेमविरुद्ध ओरड झाली आणि मागणी वाढली. 1997 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गेमच्या प्रकाशकांनी वाद पेटवायला मॅक्स क्लिफर्ड हा प्रसिद्धीतज्ज्ञच नेमला. आपल्याकडे मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली, खेळणाऱ्या पोरांना पकडलंही. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने तो गेम बंद केला, तोही हिंसेसाठी नाही, डेटाच्या सुरक्षेसाठी. जुलै 2021 मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला. मधल्या काळात पोरं व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून इंटरनेट वापरायची युक्ती, शिकली. सगळीच ओरड फुकट जाते असं नाही: अमेरिकी सिनेटमधल्या 1993 च्या सुनावण्यांनंतर पुढच्याच वर्षी गेमवर वयाचे शिक्के आले. त्या मागणीत नेमकेपणा होता.

त्या आईला मी म्हटलं, घरी शेजारी बसून एक मॅच बघा. "पाच मिनिटांत बंद कर" हे का चालत नाही, ते तिला तिथेच कळलं. मॅच मध्येच थांबवता येत नाही. हा उठला की चौघांची टीम अडकते आणि शिव्या यालाच. म्हणून हिशोब मिनिटांत नको, मॅचमध्ये ठेवा. मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत गेली तर साधारण अर्धा तास, लिविक या छोट्या नकाशावरची पंधरा मिनिटं. शाळेच्या दिवशी एक मोठी किंवा दोन छोट्या, जेवणाआधी. गेममध्ये लवकर मेला तरी ती मॅच मोजायची, हे आधीच ठरवा. भांडण तिथेच होतं. अठराखालच्यांना गेममध्येच दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण वय खोटं टाकलं की ती उडते. तेव्हा प्रोफाइल उघडून बघा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा.

या आईने पुढच्या निवेदनातून गेमचं नाव काढलं आणि वयाची खरी तपासणी मागितली. मुलगा अजून खेळतो, ठरल्याइतकंच. पण झोप उडाली, पैसे गायब व्हायला लागले किंवा फोन काढून घेतल्यावर मारहाणीपर्यंत गेलं, तर घरच्या नियमांवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.