मधुमेहात जखम भरत नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे का?

तुम्ही विचारलंय: वडिलांचा मधुमेह जुना आहे, तळपायाची जखम दोन महिने झाले भरत नाही, तर प्रतिकारशक्ती वाढवायची गोळी सुरू करावी का?

नको. मी ड्रेसिंग विभागात काम करते, तिथे हे रोज कुणीतरी विचारतंच. पांढऱ्या पेशी जखमेत पोचत नाहीत असा समज असतो. बहुतेकदा त्या तिथे गर्दी करून बसलेल्या असतात.

एरवी खरचटलं की काही तासांत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) येतात, जंतू मारतात आणि स्वतःही मरतात. मागोमाग येणारे मॅक्रोफेज, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ही मढी गिळतात, आणि गिळता गिळता त्यांचा स्वभाव पालटतो: दाह थांबवून ते नव्या रक्तवाहिन्या नि नवं मांस वाढायला मदत करू लागतात. मधुमेहात घोडं इथेच अडतं. मॅक्रोफेज नीट गिळत नाहीत, दाह चालूच ठेवतात. न्यूट्रोफिल जंतू पकडायला स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. साखर चढलेली असली की ऊठसूट फेकतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, हे जाळं फेकताच न येणाऱ्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या होत्या. शिवाय या पेशींतली पाचक द्रव्यं जखम सांधणारं, नुकतं तयार झालेलं कोलॅजन हे प्रथिनही खाऊन टाकतात. आता यात गोळीने आणखी काय वाढवणार?

त्यात मधुमेहाने पाय बधिर, दुखलेलं कळत नाही. प्रत्येक पावलागणिक जखम पुन्हा चिरडते आणि नवे न्यूट्रोफिल धावत येतात. आमच्याकडे सर्जन कडेची निबर, पांढरी कातडी ब्लेडने तासतात, ताजं लाल रक्त दिसेपर्यंत. मुलगा तोंड फिरवतो, पेशंट मात्र मजेत गावच्या पावसाचं सांगत असतो! मेलेलं मांस आणि जंतूंचा थर निघाला की जखमेला नव्याने सुरुवात करता येते. पण पायावरचा भार काढला नाही तर सगळं फुकट. वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घालून अशाच जखमा भरून आणत.

तेव्हा सर्जनला तीन गोष्टी विचारा: पायाचा रक्तपुरवठा डॉपलरवर (रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्रावर) पाहिला का, जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलाय का, आणि भार काढायला प्लास्टर चालेल की खास बूट. एका दिवसाची साखर बरी आली म्हणून निर्धास्त राहू नका, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी तपासणी बघा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. बोट काळं पडलं, वास येऊ लागला, लाली वर चढली किंवा ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.