कण किती आदळणार हे माहीत असताना सिलिकॉन डिटेक्टर किती टिकेल हे सिम्युलेशन थेट का सांगत नाही?

कारण नुसता मारा मोजून भागत नाही. त्या काळात सेन्सर किती तापमानात होता, तेही लागतं. मी हेच काम करतो आणि निम्मी डोकेदुखी तापमानाच्या नोंदींची असते.

सुरुवात सोपी आहे. जाळीतल्या सिलिकॉन अणूला साधारण २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली की तो जागा सोडतो. मागे रिकामी जागा राहते, आणि सुटलेला अणू जाळीत भलतीकडेच अडकतो. हे दोष फिरतात, सिलिकॉनमधल्या ऑक्सिजन-फॉस्फरसच्या अणूंना चिकटतात, त्यातले काही टिकतात. प्रोटॉन, पायॉन, न्यूट्रॉन अशा सगळ्या कणांचा मारा एकाच मापात बदलतात: तेवढंच नुकसान करायला दर चौरस सेंटिमीटरला १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे किती न्यूट्रॉन लागले असते. हाच फ्लुएन्स. फ्लुका किंवा जीअँट४ या कणांचा प्रवास सिम्युलेट करणाऱ्या प्रोग्रॅममधून हा आकडा मिळतो. एलएचसी या कण-प्रवेगकाच्या पुढच्या टप्प्यात, डिटेक्टरच्या अगदी आतल्या पिक्सेल थरासाठी तो दर चौरस सेंटिमीटरला दोनावर सोळा शून्यं, या घरात जातो.

गळती प्रवाहाचं, म्हणजे कण येत नसतानाही सेन्सरमधून वाहणाऱ्या प्रवाहाचं, भाकीत मी बिनधास्त मानतो. फ्लुएन्स, सेन्सरचं आकारमान आणि अल्फा हा गुणांक, यांचा गुणाकार केला की झालं. सिलिकॉन कुठल्या प्रकारचं आहे याने फारसा फरक पडत नाही. दर ७ अंशांना प्रवाह जवळपास दुप्पट होतो, तेवढी दुरुस्ती करायची. उलट मोजलेल्या प्रवाहावरूनच आम्ही फ्लुएन्सचं सिम्युलेशन तपासतो.

डिप्लिशन व्होल्टेजची, म्हणजे सेन्सरची पूर्ण जाडी कामाला लावायला लागणाऱ्या व्होल्टेजची, गोष्ट वेगळी. त्याचा अंदाज देणाऱ्या हॅम्बुर्ग मॉडेलमध्ये तीन भाग असतात: लवकर भरून येणारं नुकसान, कायमचं नुकसान, आणि उबेत हळूहळू वाढत जाणारं नुकसान, म्हणजे रिव्हर्स अनीलिंग. मारा खाल्लेला सेन्सर थोडे दिवस खोलीच्या तापमानात ठेवला तर सुधारतो, महिनोन्‌महिने ठेवला तर बिघडतो. गळती प्रवाह मात्र तेव्हाही उतरतच असतो, त्यामुळे फक्त प्रवाह पाहणारा फसतो. म्हणून बीम बंद असतानाही डिटेक्टर थंड ठेवतात. शिवाय ऑक्सिजन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखं नुकसान करत नाहीत, तिथे ते एकच माप तोकडं पडतं.

एकावर पंधरा शून्यांच्या पुढे तर डिप्लिशन व्होल्टेज ही कल्पनाच डळमळते. विद्युतक्षेत्र दोन्ही टोकांना चढतं आणि वाटेतच अडकलेला चार्ज इलेक्ट्रोडपर्यंत पुरता पोचत नाही. इथे टीकॅड हे सेन्सरच्या आतलं विद्युतक्षेत्र आणि प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर वापरतात, पण त्यात खरे असंख्य दोष नसून दोन-तीन प्रातिनिधिक ट्रॅप (चार्ज अडकवणारे दोष) असतात, मोजमापांशी जुळवून बसवलेले. ज्या फ्लुएन्सपर्यंत ते जुळवलेत त्यापलीकडचं त्यांचं भाकीत मी डिझाइनसाठी वापरत नाही.

तुम्ही सुरुवात करत असाल तर मारा दिलेल्या साध्या डायोडचा प्रवाह दोन-तीन तापमानांना जुळवून पाहा. मग पॅरामीटरला हात न लावता, वेगवेगळ्या व्होल्टेजला किती चार्ज गोळा होतो ते काढा. दर वेळी ट्रॅप नव्याने जुळवावे लागत असतील तर ते मॉडेल सोडून द्या.