वाचकांचे प्रश्न: डोमेन कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न: तासगावात आमचा बेदाण्याचा धंदा आहे. सांगलीतल्या एका वेबसाइटवाल्याने डॉट कॉम घेऊन दिलं होतं, दरवर्षी त्यालाच पैसे देतो. यंदा त्याने रेट दुप्पट केला आणि म्हणतो दुसरीकडे गेलात तर नाव जाईल. खरंय का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: अजिबात खरं नाही. अशी भीती घालून छोट्या व्यापाऱ्यांकडून पैसे काढणारे बघितले की राग येतो.

कसंय, जगातल्या सगळ्या डॉट कॉम नावांचं रजिस्टर एकच, ते व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते, तिला म्हणतात रजिस्ट्री. आपल्या डॉट इनचं रजिस्टर निक्सी या भारतातल्या संस्थेकडे असतं. पण डॉट कॉमची रजिस्ट्री गिऱ्हाइकाला थेट नाव विकत नाही, ते काम रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्यांच्या साइटवर आपण पैसे भरतो त्या कंपन्या, आणि त्या सगळ्या त्याच एका रजिस्टरला जोडलेल्या असतात म्हणून एकाने नाव नोंदवलं की दुसऱ्याला ते विकताच येत नाही. १९९९ पर्यंत डॉट कॉम विकणारी नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी होती, मग आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, इतरांनाही परवानगी दिली. व्हेरिसाइनचा घाऊक दर सगळ्या रजिस्ट्रारना सारखाच, सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यामुळे तुमच्या माणसाला बिल फोडून मागा: डोमेनचे (म्हणजे साइटच्या नावाचे) किती, होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) किती, त्याच्या कामाचे किती. कामाचे पैसे घेणं गैर नाही, पण ते डोमेनच्या नावाखाली नकोत.

रजिस्ट्रार बदलणं म्हणजे मोबाइल नंबर पोर्ट करण्यासारखंच. जुन्याकडून लॉक (नाव परस्पर हलू नये म्हणून लावलेलं कुलूप) काढून घ्यायचं, ऑथ कोड म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड मागायचा (मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावाच लागतो), तो नव्याकडे टाकायचा. नवा एक वर्षाचे पैसे घेतो पण ते वर्ष उरलेल्या मुदतीत जोडलं जातं, वाया जात नाही. नाव नवीन घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर ६० दिवस थांबावं लागतं एवढंच.

खरी गोम वेगळीच आहे. व्हेरिसाइनच्या रजिस्टरमध्ये मालकाचं नाव नसतंच! रजिस्ट्रार कोण, तारखा काय, नेमसर्व्हर (नावावरून साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) कुठले, लॉक आहे का, एवढंच तिथे. मालक कोण हे फक्त रजिस्ट्रारकडे असतं, आणि वेबसाइटवाल्याने स्वतःचंच नाव आणि ईमेल टाकला असेल तर कागदोपत्री मालक तो, तुम्ही कितीही वर्षं पैसे भरले असले तरी. म्हणून आधी आयकॅनच्या लुकअप पानावर तुमचं डोमेन टाकून रजिस्ट्रार कोण ते बघा. मालकाच्या जागी बहुतेक वेळा 'रिडॅक्टेड' दिसेल, घाबरू नका, माहिती झाकलेली असते. मग वेबसाइटवाल्याला लेखी मेसेज करा की रजिस्ट्रंट म्हणजे नोंदणीतला मालक म्हणून आमच्या फर्मचं नाव आणि आमचा ईमेल आहे त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. नसेल तर भांडायच्या आधी गोडीत बदलून घ्या, आणि जुन्या पावत्या, बँकेच्या नोंदी जपून ठेवा, पुढे वाद झालाच तर त्याच कामी येतात.

प्रश्न: साताऱ्यात आमचं पेढ्यांचं दुकान आहे. डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं, साइट बंद पडली. नाव गेलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: लगेच जात नाही. मुदत संपल्यावरही बरेच रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात, पण किती दिवस ते प्रत्येकाचं वेगळं आणि काहीजण तर तेवढ्यात नाव लिलावातही काढतात, त्यामुळे हे वाचून झालं की लगेच लॉगिन करा. रजिस्ट्रारने नाव डिलीट केलं तरी पुढचे ३० दिवस ते सोडवून परत घेता येतं, मात्र त्याची फी चांगलीच जास्त असते. त्यानंतर पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते सगळ्यांसाठी मोकळं होतं.

आणि रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर आधी तो बदला. साइट बंद पडली की तो ईमेलही बंद पडतो, मग रिन्यूअलची सूचना तुमच्यापर्यंत येणार तरी कशी?