कालवांत पाणी मुरवले तर ती भेसळ कशी?

प्रश्न : अमेरिकेतील अन्नशुद्धीच्या जुन्या कायद्याखाली कालवे (शिंपल्यात राहणारे खाद्य जीव, म्हणजे ऑयस्टर) विकणाऱ्यांवर केवळ पाण्यापायी खटले भरले गेले, असे वाचले. पाण्याने कोणाला अपाय होतो? आपल्या पुण्यात त्या काळी असा खटला उभा राहिला असता का?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचा जो अपराध, तोच या विक्रेत्यांचा, फक्त येथे पाणी ओतताना कोणी दिसत नसे. खाऱ्या पाण्यातून काढलेली कालवे गोड्या पाण्यात ठेवली की भिजत घातलेल्या मनुकांसारखी ती फुगतात, पांढरी व गुबगुबीत दिसू लागतात, आणि शिंपल्यातून सोडवलेला गर मापाने विकला जात असल्यामुळे गिऱ्हाईक कालवांच्या भावाने पाणीच घरी नेते. त्या पाण्यात गावचे सांडपाणी मिसळलेले असले तर विषमज्वराचे भय निराळेच.

१ जानेवारी १९०७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने अपायाची अट घातली नव्हती. काही मिसळून अन्नाचा कस उतरवला, तरी ती भेसळच ठरे. सडक्या-कुजक्या मासळीसाठी वेगळी तरतूद होती. विक्रेत्याच्या हेतूचीही चौकशी होत नसे. मात्र घाऊक व्यापाऱ्याचे लेखी हमीपत्र दाखवणारा दुकानदार सुटे आणि बालंट त्या व्यापाऱ्यावर जाई. राज्याची हद्द ओलांडून माल पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेस २०० डॉलरपर्यंतच दंड होई. बड्या व्यापाऱ्याला त्याचे काय? त्याला खरी झळ बसे ती मालाच्या जप्तीची, आणि गंमत अशी की त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून मालाचेच, म्हणजे अमुक इतक्या पिंपांचे किंवा डब्यांचे, नाव लागे.

पुण्यात तेव्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेची २७२ व २७३ ही कलमे होती. त्यांखाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकत. परंतु अन्न अपायकारक झाल्याचे दाखवावे लागे. स्वच्छ पाण्याने फुगवलेली कालवे त्यांतून सहज निसटली असती. मुंबई प्रांताने १९२५ साली भेसळीविरुद्ध कायदा केला. पुढे १९५४ च्या केंद्रीय कायद्याने (अंमल १ जून १९५५ पासून) अन्न निरीक्षकाला नमुन्याची किंमत विक्रेत्याच्या हाती ठेवून रीतसर गिऱ्हाईक व्हावे लागे, आणि मग त्याच्यासमक्ष नमुन्याचे तीन भाग करून प्रत्येकावर मोहोर लावावी लागे.