वाचकांचे प्रश्न : पाठ कोठे आणि पोट कोठे?

प्रश्न : ग्लायकोजेनच्या (शरीरातील साठवणीच्या साखरेच्या) निर्मितीवर नियंत्रण ठेवणारा जीएसके-३ हा विकर (एन्झाइम) भ्रूणाची पाठ आणि पोट ठरवतो, असे वाचनात आले. हे कसे शक्य आहे? आणि लिथियमचा येथे काय संबंध?

उत्तर : हा विकर पाठ घडवत नाही, तो जेथे रोखला जातो तेथे पाठ घडते, असे म्हणणे अधिक नेमके होईल. सशाच्या स्नायूंतून वेगळा केलेल्या या विकराचे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराला फॉस्फेट जोडून त्याचा वेग मंदावणे हेच त्याचे काम समजले जात होते. मात्र तो अशीच फॉस्फेटे इतर अनेक प्रथिनांनाही जोडतो आणि भ्रूणाच्या दृष्टीने त्यांपैकी महत्त्वाचे प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन.

संदेश येताच कामाला लागणारे विकर पुष्कळ आहेत. जीएसके-३ मात्र संदेश नसतानाही कामावर असतो आणि त्याने फॉस्फेट लावलेले बीटा-कॅटेनिन पेशी लगेच नष्ट करून टाकते. झेनोपस या बेडकाच्या अंड्यात शुक्रजंतू शिरल्यावर, पहिल्या विभाजनापूर्वीच, बाहेरचा थर आतील द्रव्यावर सुमारे ३० अंशांनी सरकतो आणि अंड्याच्या तळाशी असलेले मातेकडून आलेले घटक शुक्रजंतूच्या प्रवेशबिंदूच्या समोरच्या बाजूकडे नेले जातात. त्या बाजूला जीएसके-३ ला आळा बसतो, बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात जाते आणि पाठीच्या बाजूची जनुके चालू करते. स्पेमान आणि मँगोल्ड या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये वर्णन केलेला, शेजारच्या पेशींना दिशा देणारा 'संघटक' भाग पुढे याच बाजूला तयार होतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९९५ मधील प्रयोगांनी दिला. निष्क्रिय केलेल्या जीएसके-३ चा आरएनए (ज्यावरून पेशी ते प्रथिन बनवते तो रेणू) पोटाच्या बाजूच्या पेशींत टोचला असता, मूळ विकराच्या कामात अडथळा येऊन तेथे शरीराचा दुसरा अक्ष, म्हणजे दुसरी पाठ, तयार झाला. लिथियमने बेडकाच्या भ्रूणात पाठीचे आणि डोक्याचे भाग वाजवीपेक्षा जास्त का वाढतात, हे कोडेही १९९६ मध्ये बरेचसे उलगडले, कारण लिथियम याच विकराला रोखते असे दिसून आले. (त्या प्रयोगांतील लिथियमचे प्रमाण मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमच्या औषधातील प्रमाणापेक्षा खूपच जास्त असते, त्यामुळे त्यावरून औषधाविषयी थेट निष्कर्ष काढू नये.)

सस्तन प्राण्यांत या विकराची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे असतात. फक्त बीटा नसलेली उंदरांची भ्रूणे गर्भातच दगावतात, पण ती अक्ष बिघडल्यामुळे नव्हे, तर यकृताच्या पेशी नष्ट झाल्यामुळे. अक्षाच्या बाबतीत उरलेले अल्फा रूप काम भागवते, असे मानले जाते.